मोजणाऱ्याच्या शोधात

(पेडणे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते गणिताचे शिक्षक होते. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी आकड्यांचाच विषय मागून घेतला. संगणक शिकणारी मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टसाठी टाइम सिरीज डेटा कुठे मिळेल?" प्रश्न साधा वाटतो आणि त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. मी आज ते तासाभरात देणार आहे, कारण दोन मिनिटांचं उत्तर मुलांचं नुकसान करतं असं माझं ठाम मत आहे.

आधी विषय काय तो सांगतो. एकच गोष्ट ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मोजली आणि ते आकडे वेळेच्या क्रमाने लिहिले की कालमालिका तयार होते. रोजचा पाऊस, दर तासाची विजेची मागणी, बाजारातला दर दिवसाचा कांद्याचा भाव. इथे क्रमाला महत्त्व असतं. वर्गातल्या मुलांच्या उंचीचे आकडे कसेही उलटसुलट लावा, सरासरी तीच निघते. पावसाचे आकडे उलटसुलट लावले तर पावसाळाच नाहीसा होतो. मशीन लर्निंग म्हणजे यंत्राला जुने आकडे दाखवून त्यातली संगती शोधायला लावणं आणि तिच्या आधारे पुढचा आकडा सांगायला लावणं. साहजिकच यंत्र तेवढंच शिकतं जेवढं त्या जुन्या आकड्यांत असतं.

आता ते दोन मिनिटांचं उत्तर. जगात तयार मालिकांचे मोठे साठे आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेचा संग्रह 1987 सालापासून चालू आहे. त्यात पॅरिसजवळच्या सो या गावातल्या एका घराचा वीजवापर आहे: डिसेंबर 2006 ते नोव्हेंबर 2010, दर मिनिटाला एक नोंद, एकूण 20 लाख 75 हजार 259 नोंदी. याच विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या एमन केओ यांनी 2002 पासून जमवलेला संग्रह आहे, 2018 मध्ये त्यात 128 डेटासेट झाले. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने 2021 साली खास अंदाज वर्तवण्याच्या कामासाठी साठा उघडला. कॅगल हे डेटासेटचं आणि स्पर्धांचं संकेतस्थळ सगळ्यांना माहीत आहेच. आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटणारी ती विमानप्रवाशांची मालिका, जानेवारी 1949 ते डिसेंबर 1960, म्हणजे 144 महिने.

ग्रीक संख्याशास्त्रज्ञ स्पायरोस माक्रिडाकिस यांच्या स्पर्धांचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण तिथे फक्त साठा नाही, शिकवणही आहे. 1982 साली त्यांनी 1001 मालिका घेऊन वेगवेगळ्या पद्धतींची परीक्षा घेतली आणि साध्या पद्धती गुंतागुंतीच्या पद्धतींना हार जात नाहीत असं दाखवलं. 2018 च्या चौथ्या स्पर्धेत एक लाख मालिका होत्या. तिथे निव्वळ मशीन लर्निंगच्या सहा पद्धती उतरल्या होत्या आणि त्यांतली एकही, साध्या पद्धतींची सरासरी काढणाऱ्या मापदंडाच्या पुढे गेली नाही. जिंकली ती जुनी संख्याशास्त्रीय रीत आणि न्यूरल नेटवर्क यांची सांगड घालणारी पद्धत. 2020 च्या पाचव्या स्पर्धेत वॉलमार्टच्या विक्रीच्या 42,840 मालिका होत्या आणि तिथे मात्र मशीन लर्निंगच्या पद्धतींनी बाजी मारली. ज्या विद्यार्थ्याला आपलं मॉडेल 'आज कालच्यासारखंच' या एका ओळीच्या नियमापेक्षा खरोखर किती चांगलं आहे हे सांगता येत नाही, त्याने प्रोजेक्ट पुरा झाला असं समजू नये.

हे साठे हात बसवायला उत्तम आहेत. पण केओ यांनीच आपल्या विद्यार्थ्याबरोबर 2021 साली एक लेख लिहिला आणि विचित्र नोंद ओळखण्याच्या कामासाठी जगभर वापरले जाणारे बरेच तयार डेटासेट सदोष असल्याचं दाखवून दिलं. काही इतके सोपे होते की एका ओळीच्या सूत्राने सुटावेत, काहींत 'ही नोंद विचित्र' ही खूणच चुकीच्या जागी होती. शेकडो शोधनिबंध त्यांच्यावर उभे होते. तयार आकडे घेणाऱ्याला ते कुणी, कशाने, कोणत्या दिवशी मोजले हे माहीत नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती. सो गावातल्या त्या घरात काही दिवसांच्या नोंदी रिकाम्या आहेत. का, हे पेडण्यात बसलेली मुलगी कुणाला विचारणार?

म्हणून माझं उत्तर असं: आधी आपल्या गावातला प्रश्न शोधा, मग त्याची मालिका शोधा, आणि मालिका शोधायची म्हणजे ती मोजणारा माणूस शोधायचा.

इथल्या प्रश्नांची उणीव नाही. ऑगस्ट 2019 आठवा. तिलारी धरणातून पाणी सुटलं आणि डिचोली तालुक्यातलं साळ, पेडणे तालुक्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल अशा गावांत शापोरा नदी घरांत शिरली. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. समजा एखाद्या मुलाने ठरवलं की पुढच्या वेळी साळ गावाला काही तास आधी सांगता आलं पाहिजे. त्याला काय काय लागेल? तिलारीच्या पाणलोटातला पाऊस, धरणाची पातळी आणि सोडलेलं पाणी, नदीची पातळी, आणि समुद्राची भरती. चार मालिका, चार वेगळी दारं.

पावसापासून सुरुवात करू. हवामान खात्याच्या गोव्याच्या रोजच्या तक्त्यात पणजी, म्हापसा, सांखळी, वाळपई, फोंडा यांच्या बरोबरीने पेडण्याचंही नाव असतं. पण आपला पूर पेडण्यात पडलेल्या पावसाने येतो त्यापेक्षा जास्त दोडामार्गाकडच्या घाटात पडलेल्या पावसाने येतो. ते पाणी महाराष्ट्रात पडतं, तिथेच अडवलं जातं आणि तिथूनच सोडलं जातं. तिलारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे, करार 1990 चा, आणि पाण्यातला सुमारे 73 टक्के वाटा गोव्याचा. पाण्याचा वाटा कागदावर ठरला, तसा आकड्यांचाही ठरायला हवा होता. महाराष्ट्रात 2017 पासून 'महावेध' प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. म्हणजे पाऊस पडतो तिथे मोजला जातो आहे. तो आकडा साळच्या माणसाच्या उपयोगी पडायचा तर सीमेपलीकडे अर्ज करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. हा पाठपुरावा प्रोजेक्टचाच भाग आहे. वर्गात त्याला गुण मिळाले पाहिजेत.

ज्याला केंद्राकेंद्राची नोंद मिळत नाही तो चौकोनांकडे वळतो. पुण्याच्या हवामान खात्याने 1901 पासूनचा देशभराचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत बसवून खुला ठेवला आहे. त्यासाठी 6955 पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या. हे काम फार मोलाचं आहे आणि विद्यार्थ्यांनी ते जरूर वापरावं. फक्त नकाशा उघडून आपला चौकोन पाहावा. आपल्या अक्षांशावर असा एक चौकोन साधारण साडेसातशे चौरस किलोमीटरचा होतो, म्हणजे अख्खा गोवा जेमतेम पाच चौकोनांचा. पेडणे शहर ज्या चौकोनात येतं त्यात हरमलचा किनारा आहे, तेरेखोल नदीपलीकडची आरोंदा आणि रेडी आहे, आणि समुद्राचा मोठा तुकडा आहे. किनाऱ्यावर आणि घाटाच्या पायथ्याशी पावसाचं मान किती वेगळं असतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. चौकोनात ते सगळं एका आकड्यात मिसळून येतं. देशाच्या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याला हा आकडा पुरतो. साळच्या पुराला पुरत नाही.

वेळेचीही एक गोष्ट आहे, आणि तिच्यावरून मी विद्यार्थ्याची तयारी ओळखतो. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. म्हणजे 5 तारखेच्या दुपारी कोसळलेला पाऊस वहीत 6 तारखेला दिसतो. उपग्रहाच्या अंदाजांचा दिवस बहुधा जागतिक वेळेने चालतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच. नदीची पातळी तासातासाची, तिची तारीख मध्यरात्री बदलते. या तीन मालिका तारीख जुळवून शेजारी शेजारी ठेवल्या की पूर आधी आणि पाऊस नंतर असं चित्र दिसू लागतं, आणि यंत्र ते इमानेइतबारे शिकतं. साडेआठचा नियम कुठल्याही मॉडेलच्या पुस्तकात नाही. तो सकाळी उठून पर्जन्यमापकाजवळ जाणाऱ्या निरीक्षकाला माहीत असतो.

रिकामी जागा आणि शून्य यांतला फरकही त्यालाच माहीत असतो. शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे त्या दिवशी पाहिलं गेलं नाही. आणि मोठ्या पावसाच्या दिवशीच रस्ता बंद असतो, वीज नसते, यंत्र बुडतं. ज्या दिवसांसाठी आपण ही सारी खटपट करतो, नेमके तेच दिवस मालिकेतून गळतात. कुणी उत्साहाने त्या जागी शून्य भरलं, किंवा मागच्या-पुढच्या दिवसांची सरासरी भरली, तर पूर मालिकेतून पुसला जातो.

आता प्रश्न किती आकडे पुरेत हा. दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे 3650 ओळी होतात आणि मुलांना ते भरपूर वाटतं. पण आपला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्या 3650 ओळींत पावसाळे दहाच आहेत, आणि त्या दहांत पूर आलेले कदाचित दोन-तीन. समजा पुराचे एकूण दिवस दहा निघाले, तर रोज 'पूर नाही' एवढंच म्हणणारं यंत्र 99.7 टक्के वेळा बरोबर ठरतं आणि साळ गावाला एकदाही सावध करत नाही. ओळी किती आहेत हे विचारू नका, त्या घटनेचा अनुभव मालिकेत किती वेळा आला आहे ते मोजा. आणि परीक्षा घेताना दिवस चिठ्ठ्या टाकून निवडू नका. 2018 पर्यंतचे पावसाळे शिकायला द्या आणि 2019 झाकून ठेवा. झाकलेला पावसाळा सांगता आला तरच ते मॉडेल.

धरणाची आणि नदीची मालिका कुणाकडे मागायची ते शेवटी सांगतो. चौथी मालिका भरतीची. धरणातून सुटलेलं पाणी उधाणाच्या भरतीला भेटलं तर नदीला उतरायला वाट राहत नाही, हे कोलवाळपासून मोरजीपर्यंतच्या माणसांना ठाऊक आहे. भरती मोजण्याचं काम आपल्याकडे फार जुनं आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरची समुद्रपातळीची मालिका 1878 पासूनची आहे आणि ती ब्रिटनमधल्या जागतिक साठ्यातून कुणालाही उतरवून घेता येते. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मांडवीच्या तोंडाशी वेरें इथे समुद्रपातळी मोजणारं यंत्र आहे. आणि हे काहीच नसतं तेव्हाही कोकणातले मच्छीमार तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढत आले आहेत: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हे मोजून, पारखून बनवलेलं मॉडेलच आहे, आणि ते चालतं कारण भरतीचं चक्र चंद्राशी बांधलेलं आहे.

तिथीचा हा स्तंभ आपल्या मुलांनी प्रत्येक मालिकेत घालावा असं मी आग्रहाने सांगतो. गोव्याच्या विजेच्या मागणीचा आकडा देशाचं वीजजाळं सांभाळणाऱ्या ग्रिड-इंडियाच्या रोजच्या अहवालात राज्यवार छापला जातो, चांगली स्वच्छ मालिका आहे. तिच्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, शोधा. 2023 साली चवथ 19 सप्टेंबरला होती, 2024 ला 7 सप्टेंबरला, 2025 ला 27 ऑगस्टला. इंग्रजी महिन्यांवर शिकवलेलं यंत्र दर वर्षी वेगळ्या जागी चवथ पाहतं आणि तिला अपघात समजतं. गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या फळाफुलांच्या बाजाराचे भाव कुणी लिहून ठेवले तर तिथेही हेच होईल. भाजीच्या भावांचं तर बेळगावपासून नाशिकपर्यंत सगळं उपलब्ध आहे. केंद्र सरकारचा ॲगमार्कनेट 2000 सालापासून बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर देतो. गोव्याच्या ताटातली पुष्कळशी भाजी बेळगावहून येते, तेव्हा बेळगावची मालिका ही एका अर्थाने आपलीच मालिका. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या मालिकेत महिन्यातून एक खाच दिसते. तिथे अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा होती. लासलगावने अलीकडच्या वर्षांत ती मोडली. म्हणजे आधीच्या वर्षांत खाच आहे आणि नंतर नाही. ज्याला प्रथा माहीत नाही तो या खाचांना 'डेटा गहाळ' म्हणून लेप लावत बसेल. लासलगावच्या कुठल्याही अडत्याने त्याला एका वाक्यात सांगितलं असतं.

हाच मुद्दा मोठ्या आकारात डिचोलीत दिसतो. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 21 एप्रिल 2014 ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली. 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन पुन्हा थांबलं. डिचोलीची कुठलीही मालिका घ्या, हवेतली धूळ, ट्रकांची वर्दळ, मुरगाव बंदरातून गेलेलं खनिज, पतसंस्थांच्या थकबाकीचे आकडे, त्यात या तारखांना तडा असणारच. अशा मालिकेवर एकच सरळ रेघ ओढणाऱ्याला डिचोलीतल्या एका पिढीवर काय गुदरलं याचा पत्ता नाही. तोच प्रकार आता आपल्या तालुक्यात. मोपाच्या मनोहर विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 ला झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली. दाबोळीच्या जुन्या विमानतळाच्या प्रवाशांची मालिका तिथे वाकते. 1949 ते 1960 मधले परदेशी प्रवासी मोजण्यापेक्षा आपल्या मुलांनी विमानतळ प्राधिकरणाच्या मासिक आकड्यांतून दाबोळी आणि मोपा यांची बेरीज-वजाबाकी मांडावी. कोणते प्रवासी हलले, कोणते नवे आले, 2020 च्या टाळेबंदीचं काय करायचं, हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं अजून कुणी पाठ्यपुस्तकात लिहिलेली नाहीत.

पेडण्याचा रेल्वे बोगदाही असाच प्रश्न आहे. ऑगस्ट 2020 मध्ये त्याची भिंत कोसळली, जुलै 2024 मध्ये आत पाणी उसळलं आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. तिथे एका दिवसाच्या पावसाने होत नाही, आधीच्या कित्येक दिवसांचं पाणी डोंगरात मुरलेलं असतं. केंद्रीय भूजल मंडळ विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतं. एवढ्या विरळ मालिकेवर या प्रश्नाचं उत्तर निघणार नाही, आणि 'या आकड्यांवर उत्तर निघणार नाही' हा निष्कर्षसुद्धा प्रामाणिक प्रोजेक्टचा निष्कर्ष आहे. तो लिहायला मुलांनी कचरू नये आणि परीक्षकांनी त्यासाठी गुण कापू नयेत.

मला आता आपल्याला थोडं उत्तरेला न्यायचं आहे, अलिबागला. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली वेधशाळा काढली आणि 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकाचे आकडे बिघडणार होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, बांधकामात लोखंड येणार नाही अशी काळजी घेऊन. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. त्यांनी जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. दोन ठिकाणांत किती फरक पडतो हे त्यामुळे नेमकं कळलं आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. ती आजही चालू आहे. एक केंद्र हलवताना दोन वर्षं दुप्पट मेहनत करायची ही दृष्टी आज आपल्या खात्यांत, शाळांत, दवाखान्यांत यायला हवी. आपल्याकडे यंत्र बदलतं, केंद्र इमारतीच्या गच्चीवर जातं, आणि वहीत एक ओळही लिहिली जात नाही.

याच कुलाब्याच्या वहीत 2 सप्टेंबर 1859 ची नोंद आहे. सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता, जगभर तारयंत्रं बिघडली होती. कुलाब्याच्या निरीक्षकांनी चुंबकाचं मोजमाप सोडलं नाही. 2003 साली, म्हणजे 144 वर्षांनी, ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना, शोभना अलेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद उघडली आणि चुंबकीय तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरली होती हे दाखवलं. त्या ऐतिहासिक वादळाचं माप जगाला मिळालं ते मुंबईच्या वहीतून. लिहिणाऱ्यांना हे आकडे कशाला लागतील हे ठाऊक नव्हतं. त्यांनी वेळेवर, न चुकता आणि खरं लिहिलं, एवढंच.

कालमालिकेचं शास्त्रही आपल्या पावसाशी नातं सांगतं. 1904 ते 1924 या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदींचे संबंध तपासत बसले. पुढे 1931 साली त्यांनी जे गणित मांडलं ते ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांच्या कामाबरोबर यूल-वॉकर समीकरणं म्हणून आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो. आणि 1907 साली गोव्यात कोसबे गावी जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1943 साली असा सिद्धान्त मांडला की काळाबरोबर डोलणाऱ्या यादृच्छिक वक्राचे मोजके मूळ घटक वेगळे करता येतात. कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या आधीचं हे काम. गोव्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात हा सिद्धान्त कोसंबींच्या नावाशिवाय शिकवला जाऊ नये.

आता कामाचं बोलतो. 2020 साली टाळेबंदीत ब्रिटनमध्ये एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाने पावसाच्या जुन्या हस्तलिखित तक्त्यांची छायाचित्रं लोकांसमोर ठेवली आणि सुमारे 16 हजार स्वयंसेवकांनी घरी बसून 66 हजार कागदांवरच्या 50 लाखांहून अधिक नोंदी संगणकात उतरवल्या, तेही तीन आठवड्यांच्या आत. आपल्याकडे हे का होऊ नये? पणजीच्या पुराभिलेखागारात, जे 1595 साली स्थापन झालं, मोडीतली आणि पोर्तुगीजमधली कागदपत्रं आहेत. गावच्या संस्थांची वसुलीची दप्तरं आहेत. मानशींच्या, म्हणजे बांधांतल्या पाण्याच्या दारांच्या, लिलावाची बोली वर्षानुवर्षं कुठे ना कुठे लिहिली गेली आहे, आणि ती खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, तब्येतीची मालिका आहे. देवस्थानांच्या हिशेबात नारळाचा आणि तांदळाचा भाव आहे. काजूच्या बागायतदाराने पहिल्या मोहोराची तारीख कॅलेंडरवर लिहिली असेल. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालयात वाणिज्य आणि कला शिकणारी मुलं आहेत. मोडी वाचायला शिकणारी एक मुलगी आणि संगणक जाणणारा एक मुलगा एकत्र बसले तर जगातल्या कुठल्याही साठ्यात नसलेली मालिका पेडण्यात तयार होईल.

अशा मालिकेबरोबर एक पानभर मजकूर हवाच: कुणी मोजलं, कुठे, कोणत्या साधनाने, किती वाजता, मध्ये काय बदललं, रिकाम्या जागा कशामुळे. ज्या डेटासेटबरोबर हे पान नाही तो मी विद्यार्थ्याला वापरू देत नाही, तो कितीही नामांकित साठ्यातला असो. सरकारी आकडे मागताना हवामान खात्याच्या पुण्यातल्या राष्ट्रीय डेटा केंद्राकडे रीतसर अर्ज करा, धरणाच्या आणि नदीच्या आकड्यांसाठी जलसंपदा खात्याकडे पत्र द्या, लागलं तर 2005 च्या माहिती अधिकाराचा आधार घ्या. घेतलेल्या आकड्यांच्या अटी वाचा आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांचं नाव अहवालात लिहा. रुग्णांचे किंवा कुटुंबांचे आकडे असतील तर नावं काढल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

शेवटची विनंती तालुक्यातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना. प्रत्येक हायस्कुलात एक पर्जन्यमापक बसवा. मोकळ्या जागी, तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच, झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचा, रविवारीही आणि चवथीलाही. वाचणं राहिलं तर जागा रिकामी सोडा आणि का राहिलं ते शेजारी लिहा. महिन्याच्या शेवटी वहीची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्या. ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या पावसाच्या, पिकाच्या, मासळीच्या, भावाच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी संयोजकांशी बोलावं. त्यांची छायाचित्रं काढून मूळ वह्या परत केल्या जातील. पहिली नोंद येत्या 1 जूनला सकाळी साडेआठला करू या.